तोंडाला पाणी सुटते तेव्हा

प्रश्न : आंबट पदार्थ जिभेवर ठेवताच लाळ सुटते. त्यात कॅल्शियमचा संबंध काय?

उत्तर : येथे कॅल्शियम इशाऱ्याचे काम करते. मज्जातंतूच्या टोकातून सुटलेले निरोपाचे रसायन अ‍ॅसिटिलकोलीन लाळग्रंथीच्या पेशीवरील ग्राहीला (निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाला) चिकटले की आत आयपी-३ हा निरोप्या रेणू तयार होतो आणि त्यामुळे आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतील जाळीदार कोठारात, साठवलेले कॅल्शियम पेशीद्रवात उतरते. कॅल्शियमची ही लाट प्रथम पेशीच्या लाळनलिकेकडील टोकाला उठते आणि खरी मेख इथेच आहे, कारण क्लोराइडची दारे नेमकी त्याच टोकाला असतात. कॅल्शियममुळे ती उघडताच क्लोराइड बाहेर पडते, त्यामागोमाग सोडियम जाते आणि या क्षारांच्या ओढीने पाणी पाझरते. साठा ओसरू लागला की पेशी बाहेरून कॅल्शियम आत घेते, म्हणूनच लाळ बराच वेळ वाहू शकते. अ‍ॅट्रोपीन हे औषध तीच ग्राही अडवते. ते दिल्यावर तोंड कोरडे पडते ते याचमुळे.