२०१८ पासूनच्या एक्सप्रेस प्रोजेक्टमध्ये डिपेंडन्सीचा, म्हणजे बाहेरून घेतलेल्या पॅकेजांचा, डोंगर झालाय. कमी करायला कुठून सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की पॅकेज डॉट जेसन या यादीच्या फाइलमध्ये साठच्या वर नावं आहेत, सुरक्षेचं ऑडिट चालवलं की इशाऱ्यांची रांग लागते आणि मॅनेजर म्हणतात, चालतंय ना, मग हात लावू नका. मी पिग्मी एजंटांच्या पोर्टलवर काम करतो. तेही एक्सप्रेस (नोडवर, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर, चालणारं वेब फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल डेटाबेसवरच आहे. मागच्या वर्षी आम्ही ही साफसफाई केली, म्हणून सविस्तर लिहितोय.

काय काढायचं ते ठरवण्याआधी कोण कोणामुळे आलंय ते बघा. नोडची पॅकेजं एनपीएम या भांडारातून येतात. 'एनपीएम एक्सप्लेन' ही कमांड आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की ते कुठल्या वाटेनं आत आलं ते दिसतं. सुरुवात 'डीबग' या लॉग छापणाऱ्या पॅकेजपासून करा. तुमच्या यादीत त्याचं नाव बहुधा नसेल, तरी ते नक्की सापडेल, कारण एक्सप्रेस स्वतःच ते आणतं. ८ सप्टेंबर २०२५ रोजी याच डीबगची आणि टर्मिनलवर रंगीत मजकूर छापणाऱ्या 'चॉक'ची विषारी आवृत्ती एनपीएमवर चढली होती. सांभाळणाऱ्या माणसाला एनपीएमच्या नावानं खोटा ईमेल पाठवून त्याचं खातं बळकावलं गेलं, आणि त्या कोडचं काम होतं क्रिप्टो व्यवहारातला पत्ता गुपचूप बदलणं. काही तासांत ती आवृत्ती काढली गेली. एक्सप्रेस ४ डीबगची जुनी २.६.९ हीच आवृत्ती मागतं, त्यामुळे त्या वाटेनं ती आत आली नसती. पण आमच्याकडे डीबग आणखी पाच ठिकाणांहून येत होतं. मॅनेजरना 'हात लावू नका'चं उत्तर द्यायचं असेल तर हा प्रसंग सांगा. ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत अशांचा कोड आपल्या सर्व्हरवर चालतोय, हे त्यांना लगेच कळेल.

आता सोपी नावं. २०१८ च्या प्रोजेक्टमध्ये 'बॉडी-पार्सर' असणारच. एक्सप्रेस ४.१६ पासून जेसन आणि फॉर्म वाचायची सोय एक्सप्रेसमध्येच आहे, तेव्हा ते यादीतून काढा. 'युयुआयडी' फक्त यादृच्छिक आयडीसाठी वापरत असाल तर नोडच्या क्रिप्टो मॉड्यूलमधलं रँडमयुयुआयडी पुरतं. फोल्डर बनवायला 'एमकेडिरपी' आणि पुसायला 'रिमराफ' यांचीही आता गरज नाही, दोन्ही कामं नोडचं एफएस मॉड्यूल करतं. फाइलमधून सेटिंग्ज वाचायचं 'डॉटएन्व्ह'चं काम नोड २०.६ पासून एन्व्ह-फाइल हा पर्याय करतो आणि कोड बदलला की सर्व्हर पुन्हा चालू करायचं 'नोडमॉन'चं काम वॉच करतो. एक्सप्रेस ५ वर गेलात तर असिंक राउटमधली चूक एरर हँडलरपर्यंत पोचवण्यासाठी घेतलेलं छोटं पॅकेजही जातं.

दुसऱ्या सर्व्हरला विनंती पाठवणारं 'रिक्वेस्ट' असेल तर तेही काढा, ते २०२० पासून बंदच आहे. त्याच्या जागी नोडमधलं फेच वापरा, पण जपून. समोरच्या सर्व्हरनं ५०० हा बिघाडाचा कोड दिला तरी फेच त्याला चूक मानत नाही, 'ओके' आहे का ते आपणच तपासायचं. टाइमआउटही आपणच लावायचा.

वापरात नसलेली पॅकेजं शोधणारी साधनं आहेत, 'डेपचेक' किंवा 'निप'. त्यांचं ऐका, पण डोळे झाकून नको. आमच्याकडे डेपचेकनं डेटाबेसला जोडणारं 'मायएसक्यूएल२' वापरात नाही असं सांगितलं. खरंच, आमच्या कोडमध्ये ते कुठेच मागवलेलं नव्हतं. पण डेटाबेसचं काम सांभाळणारं सिक्वेलाइझ चालू होताना ते स्वतः शोधतं. काढल्यावर ॲप उठेचना.

सगळ्यात जास्त वेळ तारखा हाताळणाऱ्या 'मोमेंट'नं घेतला. २०२० मध्ये त्या टीमनंच सांगितलं होतं की यात आता नवं काही येणार नाही, नव्या प्रोजेक्टसाठी दुसरं काही बघा. आम्हाला मोमेंट लागायचं ते पिग्मीच्या पावतीवर मराठीत तारीख छापायला. ते काम जावास्क्रिप्टमधलं इंटल करतं, म्हणजे तारखा-आकडे भाषेनुसार मांडायची सोय. लोकेल, म्हणजे भाषा आणि देश, 'एमआर-आयएन' दिलं की महिन्याचं नाव मराठीत आणि अंक देवनागरीत मिळतात. रक्कम मात्र कॅशियरना इंग्रजी अंकांत हवी होती, डे बुकाशी ताळा करायला. तिथं 'ईएन-आयएन' दिलं, लाख-कोटींचे स्वल्पविराम बरोबर पडले. माझ्या लॅपटॉपवर सगळं छान. टेस्ट सर्व्हरवर तारीख इंग्रजीत! तिथं नोड १२ होतं, आणि १३ च्या आधीच्या नोडमध्ये इंग्रजी सोडून इतर भाषांची माहिती मुळात भरलेलीच नसायची. नोड २० टाकलं आणि ते मिटलं.

मग तिसऱ्या दिवशी एका एजंटचा फोन आला. ते पहाटे पाचला दूधवाल्यांकडून पैसे गोळा करतात, आणि त्यांच्या पावत्यांवर आदल्या दिवसाची तारीख येत होती. सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर, म्हणजे आपले पहाटेचे पाच तिथं आदल्या रात्रीचे साडेअकरा. जुन्या कोडमध्ये कुणीतरी मोमेंटला ३३० मिनिटं पुढे सरकवायला सांगितलं होतं. ती एक ओळ आमच्या नव्या कोडमध्ये आली नव्हती. इंटलला 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन दिला आणि पावत्या दुरुस्त झाल्या. पण रोज शंभर-दोनशे रुपये विश्वासानं देणाऱ्या माणसाच्या हातात तीन दिवस चुकीची पावती गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून कळकळीनं सांगतो: पॅकेज काढण्याआधी ते जिथं जिथं वापरलंय ती प्रत्येक ओळ वाचा आणि एका कमिटमध्ये एकच पॅकेज काढा.

काही पॅकेजं काढूच नका. पासवर्डसाठी 'बीक्रिप्ट' आणि वापरकर्त्यानं टाकलेलं एचटीएमएल साफ करणारं जे काही असेल ते राहू द्या. यातलं काहीही स्वतः लिहायला जाऊ नका. सुरक्षेचे हेडर लावणारं 'हेल्मेट'ही राहू द्या, ते स्वतः दुसरं एकही पॅकेज आणत नाही.

तुमच्या सर्व्हरवर नोड कितवं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. २० च्या खालचं असेल तर यादीला हात लावण्याआधी तेच वर न्या, नाहीतर वर सांगितलेल्या काही गोष्टी तिथं चालणारच नाहीत. ते झालं की बॉडी-पार्सर काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.