सावळा रंग, क्रीमची ट्यूब आणि भातावरचा करपा

"मॅडम, थोडा तरी उजळेल का हो रंग?" हा प्रश्न माझ्याकडे, म्हणजे एका समुपदेशकाकडे, सतत येतो. कधी मुलगी स्वतः विचारते, कधी आई मुलीला बाहेर बसवून हळू आवाजात विचारते, कधी नुकतीच बाळंत झालेली बाई रडत येते, की नऊ महिने केशराचं दूध प्यायले तरी बाळ काळं झालं म्हणून सासरी बोलतात. हल्ली मुलगेही येतात, त्यांना सांगायला जास्त वेळ लागतो एवढंच. माणसं वेगळी, घरं वेगळी, पण आत एकच समजूत घट्ट बसलेली असते, की माझा रंग म्हणजे माझ्यातली खोट आहे. म्हणून आज एका मुलीबद्दल लिहिते. तिला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी मावळातली, घरची भातशेती, बीएस्सी अ‍ॅग्री करून पुण्यात शेती औषधांच्या कंपनीत नोकरीला. वय २५. लग्नाचं बघणं चालू होतं आणि नकार येत होते. नकाराचं कारण कुणी तोंडावर सांगत नाही पण एका स्थळाने मध्यस्थाकडून निरोप पाठवला, धाकटी द्यायची असेल तर बघू. धाकटी बहीण गोरी आहे. त्या निरोपानंतर हिची झोप गेली, ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगला कॅमेरा बंद ठेवायला लागली आणि शेवटी बहिणीनेच तिला माझ्याकडे आणलं, हे मला महत्त्वाचं वाटलं.

पहिल्याच भेटीत मला तिच्या रंगाआधी तिची त्वचा दिसली. गाल लालसर, पातळ झालेले, आतल्या बारीक शिरा दिसतायत, कानाजवळ आणि हनुवटीवर नको तिथे लव वाढलेली. विचारलं तर पर्समधून ट्यूब काढली, खालून घड्या घालत घालत पार तोंडापर्यंत गुंडाळत आणलेली. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. हे औषध वांगासारख्या तक्रारींवर त्वचेचे डॉक्टर ठरावीक दिवसांसाठीच देतात, आणि ही बाई मेडिकलमधून स्वतःच घेऊन वर्षभर रोज रात्री लावत होती. मी बाकी काही बोलण्याआधी तिला स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. असं क्रीम मनानेच एकदम बंद केलं तर चेहरा भडकतो, आग होते, पुरळ येतं, आणि माणूस घाबरून परत तेच लावायला लागतो, म्हणून ते डॉक्टरांच्या हाताखालीच सुटायला हवं.

चेहऱ्याचं डॉक्टर बघतील, पण ट्यूबकडे जाणारा हात माझ्याकडे होता.

ती म्हणाली, "सगळे मला समजावतात मॅडम. रंगावर काय असतं, नाकीडोळी नीटस आहेस, विठोबा पण काळाच की. मग नकार कशाला येतो?"

मी म्हटलं, "ते ऐकून बरं वाटतं का?"

"दहा मिनिटं. मग अजूनच वाईट वाटतं."

इथे माझं मत स्पष्ट सांगते. कौतुकाने हा न्यूनगंड जात नाही. कारण तू सुंदरच आहेस असं म्हणताना आपणही तिला रंगाच्याच परीक्षेला बसवतो आणि वर दयेने चार मार्क वाढवून देतो, आणि ते तिला बरोबर कळतं. इतकी वर्षं हे काम केल्यावर मी या निष्कर्षाला आलेय, की माणसाला त्याच्या रंगाने नाही तर रंगाला लावलेल्या अर्थाने त्रास होतो, आणि तो अर्थ बाहेरून कुणी कितीही गोड बोलून बदलत नाही. तो त्या माणसाला स्वतःच्या बुद्धीने खोडता यायला लागतो. म्हणून मी तिचं कौतुक केलं नाही. तिचं शिक्षण मला माहीत होतं, मी तिथूनच आत शिरायचं ठरवलं.

पुढच्या एका भेटीत विचारलं, "मेलॅनिन म्हणजे काय गं?"

"काळं करणारं द्रव्य."

"ते शरीर कशाला बनवत असेल?"

"नशीब एकेकाचं."

"हे माझं उत्तर झालं असतं तर चाललं असतं, तू अ‍ॅग्रीवाली आहेस. कॉलेजमधे मेलॅनिन कुठे भेटलं होतं का?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पिकांच्या रोगांच्या पॅथॉलॉजीत होतं. करप्याला."

"मला करपा कळत नाही, नीट सांग."

आणि मग ती जे बोलायला लागली ना, तो आवाज मी आधी ऐकलाच नव्हता. खुर्चीत पुढे सरकून बसली, हाताने टेबलावर पान काढून दाखवायला लागली. म्हणाली, भातावर करपा पडतो तो बुरशीमुळे, पानावर होडीच्या आकाराचे ठिपके येतात, मधे राखाडी, कडेला तपकिरी, आणि लोंबीच्या मानेवर आला तर अख्खी लोंबी पोचट राहते, बाबांचं एका साली असंच गेलं होतं. आता ही बुरशी पानात शिरते कशी, तर तिचा बीजाणू ओल्या पानावर रुजतो आणि एक घुमटाकार पेशी तयार करतो, त्या पेशीच्या भिंतीत मेलॅनिनचा काळा थर बसतो. त्या थरामुळे आत साठलेलं ग्लिसरॉल, म्हणजे ग्लिसरीन, बाहेर झिरपत नाही, पाणी मात्र आत ओढलं जातं आणि दाब वाढत वाढत हवेच्या दाबाच्या ८० पटीपर्यंत जातो. त्या दाबाने एक टोक पानाला भोसकून आत घुसतं.

"आणि मेलॅनिन नसेल तर?"

"तर दाबच तयार होत नाही. बुरशी जिवंत असते, वाढते पण, फक्त पानावर बसून राहते, आत जाताच येत नाही तिला. ट्रायसायक्लॅझोल तेच करतं ना मॅडम, बाबा फवारतात ते. ते बुरशीला मारत नाही, तिचं मेलॅनिन बनणं बंद करतं. म्हणून तर ते रोग वाढायच्या आधी मारावं लागतं."

एवढं बोलली आणि थांबली. तिची नजर पर्सकडे गेली. मी काहीच बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की सगळं वाया जातं हे मी शिकलेय.

मग ती सावकाश म्हणाली, "हायड्रोक्विनोन पण मेलॅनिनच बंद करतं. रस्ता वेगळा असेल, पण काम तेच." आणि जरा वेळाने, "म्हणजे मी वर्षभर स्वतःवर फवारणी करतेय."

हे वाक्य मी तिला दिलेलं नाही. मी दिलं असतं तर तिने मान हलवली असती आणि घरी जाऊन परत ट्यूब पिळली असती. ते तिच्या अभ्यासातून, तिच्या बाबांच्या शेतातून आलं, म्हणून रुतलं. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की मेलॅनिन हे काम करणारं द्रव्य आहे, कुणीतरी तिच्यावर मारलेला शेरा नाही. या एका क्षणासाठी मी हा व्यवसाय करते.

त्यानंतरच्या भेटींमधे आम्ही खूप वाचलं, तिने जास्त. करप्याच्या बुरशीचं कळलं, मग माणसाचं काय? तर आपल्या त्वचेच्या वरच्या थरात अगदी तळाशी मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी असतात. त्या टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून मेलॅनिन बनवतात, बारीक कणांमधे भरतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटून टाकतात, एक पेशी साधारण ३० ते ४० शेजारणींना. आणि त्या शेजारणी हे कण आपल्या केंद्रकावर, जिथे डीएनए असतो, छत्री धरल्यासारखे रचून ठेवतात, म्हणजे उन्हातले अतिनील किरण आधी तिथे अडावेत. गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो मेलॅनिन किती आणि कुठल्या प्रकारचं बनतं, कण केवढे आहेत आणि ते किती काळ टिकतात यात.

"म्हणजे माझ्या आणि बहिणीच्या पेशी सारख्याच?"

"सारख्याच. तुझ्या जास्त काम करतात."

हे ऐकून ती हसली, पहिल्यांदा मनापासून.

एकाच घरात एक मुलगी गोरी, एक सावळी, यात आश्चर्य काहीच नाही. रंग एका जनुकावर ठरत नाही, अनेक जनुकं मिळून ठरवतात. त्यातल्या एकाचा, ज्याच्या एका रूपाने त्वचा उजळ होते, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतरांबरोबर अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. भारतातल्या आणि युरोपातल्या लोकांमधे ते रूप एकाच पूर्वजाकडून आलंय आणि भारतात ते कुठे खूप, कुठे अगदी थोडं असं पसरलंय असं त्यात दिसलं. आईवडिलांकडून कुणाला काय मिळेल यात केशराच्या दुधाचा काही संबंध येत नाही, सासूने कितीही शपथेवर सांगितलं तरी.

आणि त्या रडत आलेल्या बाळंतिणीलाही मी हेच सांगते. गरोदरपणात डॉक्टर फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या का देतात? बाळाचा मेंदू आणि मणका नीट घडावा म्हणून. रक्तातलं हेच फोलेट कडक उन्हातल्या अतिनील किरणांनी मोडतं. नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली मांडलं की जिथे ऊन प्रखर तिथल्या माणसांची त्वचा गडद राहिली त्यामागे हे फोलेट वाचवणं हे मोठं कारण असावं. म्हणजे ज्या रंगावरून त्या आईला बोलणी बसतात त्या रंगाने पिढ्यान्‌पिढ्या गर्भच राखले असं हे म्हणणं आहे. हे सांगितल्यावर बायकांचे चेहरे बदलतात, मी बघितलंय.

आता एक धोका. माझ्या या मुलीचा झोका पार दुसऱ्या टोकाला गेला. एके दिवशी ती चेर्नोबिलचं वाचून आली. १९८६ साली तिथली अणुभट्टी फुटली, नंतर तिच्या भिंतींवर काळ्या बुरशी वाढताना सापडल्या, कीव्हच्या नेली झ्दानोव्हा यांनी त्यांचा अभ्यास केला, आणि २००७ साली अमेरिकेत एकातेरिना दादाचोव्हा आणि आर्तुरो कासादेवाल यांच्या गटाला प्रयोगात असं दिसलं की मेलॅनिनवाल्या बुरशी किरणोत्सर्गात जास्त जोमाने वाढतात. त्यातून त्या ऊर्जा घेतात का यावर अजून एकमत नाही. पण हिचा निष्कर्ष तयार होता, "मॅडम, म्हणजे काळेच भारी. गोरे लोक कमकुवत."

मी तिला तिथेच थांबवलं. कारण हा तोच जुना तराजू, फक्त पारडं बदललं. मी म्हटलं, उत्तरेकडच्या थंड देशात जिथे ऊन मुळात कमी तिथे गडद त्वचेला व्हिटॅमिन डी पुरेसं बनवायला जड जातं, तिथे उजळ त्वचेचा उपयोग झाला. आणि मेलॅनिन नेहमी आपल्याच बाजूने असतं असंही नाही. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मेंदूज्वर करते, तिचं मेलॅनिन तिला आपल्या रोगप्रतिकारक पेशींच्या माऱ्यातून वाचवतं. ज्याच्याकडे आहे त्याला ते राखतं, भातातल्या करप्यालाही आणि तुलाही. यात भारी काय आणि हलकं काय?

ती म्हणाली, "मग रंगावरून काहीच ठरत नाही?"

"उन्हात त्वचा किती टिकेल हे बरंचसं ठरतं. तू कशी आहेस हे कसं ठरेल?"

मग मी तिला अजून एक गोष्ट सांगितली. गोऱ्यातल्या गोऱ्या माणसाच्याही मेंदूत खोलवर एक काळा पट्टा असतो, तिथल्या चेतापेशींमधे एक प्रकारचं मेलॅनिन साठतं, आणि त्या पेशी मेल्या की पार्किन्सन्स होतो. कानाच्या आतल्या भागातही मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी असतात, त्या जन्मतः नसतील तर ऐकू येत नाही. डोळा घडताना मेलॅनिन नसेल तर नजर अधू राहते, अल्बिनिझम असलेल्या मुलांना हा त्रास असतो. म्हणजे चेहऱ्यावर जे नको म्हणून आपण घासत बसतो ते मेंदूत, कानात आणि डोळ्यांतही असतं. ती म्हणाली, हे बहिणीला सांगते.

लग्न अजून ठरलेलं नाही. पण बायोडेटात वर्ण या रकान्यात आईने "गव्हाळ" लिहिलं होतं ते हिने स्वतः खोडून "सावळा" केलं, आणि आईला सांगितलं की ज्याला चालत नाही त्याने घरी येऊन पोहे खायच्या आधीच नाही म्हणावं. आईला ते जड गेलं. तिच्याशी मी वेगळी बोलले, कारण आईने हे सगळं तिच्या तरुणपणी सोसलेलं असतं आणि ती घाबरून मुलीला झाकत असते, तिला दोष देऊन काही होत नाही.

ज्यांच्या घरात हा विषय चालू आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. क्रीम मेडिकलवाल्याच्या किंवा पार्लरवालीच्या सांगण्यावरून घेऊ नका, मागचं वाचा, त्यात मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावायचं नाही. ज्या डबीवर काय घातलंय हेच लिहिलेलं नाही ती तर घरात आणूच नका, अशा काही क्रीममधे पारा सापडलाय. पाऱ्यानेही मेलॅनिन अडतं, पण तो त्वचेतून आत जाऊन किडन्या खराब करतो. सावळ्या त्वचेला ऊन लागतच नाही असंही समजू नका. ऊन लागून आपण रापतो म्हणजे पेशींच्या डीएनएला मार बसल्यावर त्वचेने केलेली धावपळ असते, तेव्हा दुपारच्या उन्हात टोपी, ओढणी, सनस्क्रीन हे हवंच, गोरं राहायला नाही तर त्वचा राखायला.

आणि मुलांसमोर बोलताना जपा. सात-आठ वर्षांची मुलगी मैदानातून खेळून आली की "काळी पडशील" म्हणू नका, "तहान लागली का" विचारा. नातेवाईक बोललेच तर मुलीच्या देखत त्यांना सांगा, आमच्याकडे रंगावर बोलत नाही, एवढंच, भांडण नको आणि तिच्या रूपाची वकिलीही नको. आठवी-नववीतलं मूल असेल तर त्याच्याबरोबर बसून मेलॅनिनबद्दल वाचा. आणि मूल आरशापुढे तासन्‌तास बसतंय, फोटो टाळतंय, शाळा-कॉलेज बुडवतंय, जेवण-झोप बिघडलीय असं दिसलं तर थांबू नका, कुणातरी जाणत्या समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा, आणि जाताना घरात लपवलेली ट्यूब असेल तर तीही बरोबर न्या.