समुद्री रोगजंतू लोह मिळवतात कसं?

तुमची शंका अशी, की समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं लोह नसल्यातच जमा, मग रोग करणारे जिवाणू तिथे वाढतात कसे. लोह असतं, पण मोकळं नसतं. पाण्याचा सामू ८ च्या आसपास आणि प्राणवायू भरपूर, त्यामुळे फेरिक लोह गंजासारखं अविद्राव्य होऊन बसतं. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागी विरघळलेलं लोह सहसा १ नॅनोमोलरच्याही खाली असतं. जिवाणू मासा किंवा माणसाच्या रक्तात शिरला तरी सुटका नाही, तिथे ट्रान्सफेरिन हे रक्तातलं प्रथिन लोह धरून बसलेलं असतं.

व्हिब्रिओ या समुद्री जिवाणूंच्या गटाचं (कॉलऱ्याचा जिवाणूही यातलाच) यावरचं मुख्य हत्यार म्हणजे सायडेरोफोर. हे छोटे रेणू पेशी बाहेर सोडते, ते लोहाला चिमट्यासारखं पकडतात आणि लोहासकट बाह्यपटलावरच्या ग्राहक प्रथिनात येऊन बसतात. कॉलऱ्याच्या जिवाणूचा सायडेरोफोर व्हिब्रिओबॅक्टिन, व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकसचा व्हिब्रिओफेरिन. बाह्यपटलाला स्वतःची ऊर्जा नसते. आतल्या पटलावरच्या प्रोटॉन-प्रवाहाचा जोर टॉनबी, एक्सबीबी आणि एक्सबीडी ही प्रथिनं तिथवर पोचवतात. टॉनबी बिघडलं, की चिमटा दाराशी येऊनही बाहेरच राहतो. लोह पुरेसं झालं की फर हे प्रथिन लोह घेऊन डीएनएवर बसतं आणि सगळा कारखाना बंद करतं.

माशांना ग्रासणाऱ्या व्हिब्रिओ अँग्विलारममध्ये अँग्विबॅक्टिन या सायडेरोफोरच्या यंत्रणेची जनुकं पीजेएम१ या प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, सापडली (१९८०). प्लाझ्मिड गेलं की रोग करण्याची ताकदही ओसरते. मला यापेक्षा स्वच्छ पुरावा माहीत नाही.

व्हिब्रिओ व्हल्निफिकस हीममधलं, म्हणजे हिमोग्लोबिनच्या लाल गाभ्यातलं, लोहही उचलतो. हीमोक्रोमॅटोसिस (शरीरात लोह साठत जाण्याचा आजार) किंवा यकृताचा जुनाट आजार असलेल्यांच्या रक्तात लोह सहज मिळतं, म्हणून त्यांना त्याचा धोका फार मोठा. जस्ताची तऱ्हाही जवळपास हीच: शरीर कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाने ते लपवतं, जिवाणू झ्नूएबीसी या वाहक प्रथिनाने ओढतात.

सायडेरोफोर डोळ्यांनी पाहायचा असेल तर क्रोम अझुरॉल एस या रंगद्रव्याची प्लेट करा; लोह धरलेलं असताना ती निळी दिसते. रंगद्रव्य ६०.५ मिग्रॅ ५० मिली पाण्यात, त्यात १ मिलिमोलर फेरिक क्लोराइड १० मिली, मग हे मिश्रण ढवळत ४० मिली पाण्यातल्या ७२.९ मिग्रॅ एचडीटीएमएमध्ये (साबणासारखा पदार्थ) हळूहळू ओता. वेगळं ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करून ९०० मिली अगार माध्यमात मिसळा. सायडेरोफोर बनला तर तो रंगद्रव्याकडचं लोह ओढून घेतो आणि वसाहतीभोवती नारिंगी वलय येतं. फॉस्फेट जास्त झालं तर तेच लोह बांधून निळा रंग उडवतं. वसाहतीने आम्ल सोडलं तरी वलय फसवं असू शकतं, म्हणून माध्यमात सामू स्थिर ठेवणारं पाइप्स बफर घाला, सामू ६.८. बहुतेक समुद्री व्हिब्रिओंना मीठही लागतं. ते विसरलात तर वलय सोडा, वसाहतच दिसणार नाही. काचसामान आम्लाने धुतलेलंच वापरा, नाहीतर काचेवरचं लोहच जिवाणूला पुरतं.