चिखल्या पुन्हा पुन्हा का येतात?

प्रश्न : दरवर्षी भातलावणीत पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडून सोलते, खाजते. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने चार दिवसांत बरं वाटतं, पण महिन्याभरात पुन्हा तेच. आता मधुमेह असलेल्या वडिलांनाही झाल्यात. काय करावं?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आधी त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन दिसलं, तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, पण त्या जागची प्रतिकारशक्तीही दबते आणि चिखल्यांमागे बुरशी असेल तर ती आत पसरत राहते. असं मलम कृपया वापरू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका.

नुसत्या पाण्याने भिजलेली कातडी पाय कोरडे राहिले की थोड्या दिवसांत सुधारते. तसं झालं नाही, तर बुरशीची शंका घ्यावी. ही बुरशी कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. करंगळीशेजारची बेचकी सर्वांत अरुंद, तिथे वारा लागत नाही, म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच. नक्की कळायचं तर डॉक्टर कातडीचा कोंडा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

तुम्ही १ टक्का क्लोट्रिमाझोल या बुरशीवरच्या औषधाचं साधं, स्टेरॉइड नसलेलं मलम आणा. शेतातून आल्यावर पाय साबणाने धुवा आणि जुन्या सुती फडक्याने एकेक बेचकी टिपून कोरडी करा. ओल राहिली तर मलमाचा उपयोग होत नाही. मग पातळ थर, डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, दिवसातून दोनदा, ४ आठवडे. बहुतेकांचं चुकतं ते इथेच : आठवड्यात खाज थांबते आणि ट्यूब फळीवर जाते. हळद-तेलाचा लेप बेचक्यांत ओल धरतो, तो टाळा.

गमबूट रात्री उलटे टांगा. ते आतून वाळत नसतील तर दोन जोड आलटून पालटून घाला. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. जांघेत गजकर्ण असेल किंवा नखं जाड, पिवळी झाली असतील, तर तिथली बुरशी पायावर परत येते; नखांना सहसा पोटातून औषध लागतं.

वडिलांवर मात्र घरी प्रयोग नकोत. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, भेग कळतही नाही आणि तिच्यातून जिवाणू आत शिरतात. त्यांना याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पाय सुजला, गरम लागला, पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी.