उडतं विमान जपायचं तर

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बारावी झाल्यावर जुनी विमानं दुरुस्त करून उडवणाऱ्या संग्रहालयात काम करायचं म्हणतोस आणि घरचे त्याला खूळ म्हणतात. मला ते खूळ वाटत नाही. डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याचा, विमान देखभालीचा परवाना काढ म्हणजे पोटाची काळजी मिटेल. बाकीचं सावकाश शिकता येईल.

एक गोष्ट मात्र आत्ताच समजून घे. दालनात ठेवलेलं विमान आहे तसं राखायचं असतं. उडणाऱ्या विमानाचा झिजलेला भाग बदलावाच लागतो, तिथं हळवं होऊन चालत नाही, आत माणूस बसणार असतो. म्हणजे दर दुरुस्तीला मूळ विमान थोडं थोडं कमी होत जातं. म्हणून काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवायचा आणि वहीत नोंद करायची.

मी हे चूक करून शिकलो. पंचविशीत एका फ्लाइंग क्लबात टायगर मॉथ नावाच्या जुन्या विमानाच्या पंखाचं कापड बदलत होतो. जुनं कापड सोललं तर आतल्या लाकडावर पेन्सिलीनं कुणीतरी तारीख आणि आपली आद्याक्षरं लिहिलेली. वार्निश मारायचं होतं, म्हणून मी पॉलिश पेपरनं ती घासून टाकली. माझ्याआधी तो पंख शिवणाऱ्या माणसाची तेवढीच खूण होती रे. ते अक्षर आजही डोळ्यांपुढे येतं, तारीख मात्र आठवत नाही.

तुमच्या शेतात कपाशी आहे आणि धुऱ्याला जवस, म्हणून सांगतो. त्या पंखांवर सुती कापड चढवत किंवा लिननचं, आणि लिनन म्हणजे जवसाच्याच झाडाचा धागा. कापड मेण लावलेल्या दोऱ्यानं पंखातल्या लाकडी फासळ्यांना टाके घालून बांधायचं, दर टाक्याला गाठ. वरून डोपचे, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या लेपाचे, हात द्यायचे. जुना डोप कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवत, त्यामुळं तो भडकन पेटतो. वाळला की कापड असं ताणतं की टिचकी मारली तर डफ वाजावा. आईकडून गोधडीचा टाका शिकून घे. मित्र हसतील, हसू दे.

आपल्या वायुसेनेकडे 'परशुराम' नावाचं जुनं डाकोटा विमान आहे, इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन 2018 मध्ये उडत आलेलं. 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला पहिल्यांदा उतरलेल्या डाकोटाचा व्हीपी 905 हा क्रमांक त्याला दिलाय. अशा विमानाच्या इंजिनात सिलिंडर गोल मांडलेले असतात. विमान उभं राहिलं की ऑइल खालच्या सिलिंडरांत उतरतं. म्हणून सुरू करण्याआधी पंखा हातानं एकेक पातं फिरवायचा. अडला तर जोर करायचा नाही, खालचे प्लग काढून ऑइल वाहू द्यायचं. जोर केला तर आतला दांडा वाकतो, आणि ते कधी कधी हवेत गेल्यावर कळतं.

खेड्यात असलं संग्रहालय कसं चालेल, असं विचारलंस. इंग्लंडमधलं ओल्ड वॉर्डन हे खेडंच आहे. तिथं गवताच्या धावपट्टीवर शटलवर्थ संग्रहालयाची विमानं उडतात. त्यात 1909 चं ब्लेरिओसुद्धा आहे, वारा पडलेला असेल तेव्हाच ते छोटी झेप घेतं. आपल्याकडे तसं व्हावं असं मलाही फार वाटतं.

विमान मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नको. 1949 पासून कितीतरी वर्षं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरला सोनेगाव विमानतळावर जमायची, थैल्यांची अदलाबदल करून परत जायची. त्या थैल्या उचललेली माणसं आता खूप म्हातारी झाली असतील. सुट्टीत मामाकडे जाशील तेव्हा सोनेगावात चौकशी कर. कुणी भेटलं तर बोलणं फोनवर रेकॉर्ड कर आणि तारीख घालून ठेव. घरात जुना फोटो निघाला तर त्याच्या मागची बाजूही टिपून घे.

दिवाळीत इकडे ये. लाकडाच्या चार फासळ्या करून ठेवतो, त्यावर टाके घालून बघू. मेण माझ्याकडे आहे, येताना जाड सुती दोरा तेवढा आण.

तुझा,
काका