ब्रिटिश साम्राज्य सर्वांत बलाढ्य नेमकं कधी होतं?

नकाशा पाहून सांगायचं तर १९२० च्या आसपास. पहिल्या महायुद्धानंतर इराक, पॅलेस्टाईन, टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) हातात आले आणि जगाची जवळपास चौथाई जमीन त्यांच्या ताब्यात गेली. पण मला हे उत्तर फसवं वाटतं. तोवर अमेरिकेचं कर्ज डोक्यावर होतं आणि १९२२ च्या वॉशिंग्टन करारात अमेरिकेच्या आरमाराशी बरोबरी मान्य करावी लागली. त्याच वर्षी आयर्लंडचा मोठा भाग आणि इजिप्तही (निदान कागदावर) सुटले.

खरा जोर १८५० ते १९०० मधला. १८८९ च्या कायद्यानुसार ब्रिटिश आरमार पुढच्या दोन मोठ्या आरमारांच्या बेरजेइतकं ठेवायचं, असं धोरणच होतं. शिवाय हिंदुस्थानातली फौज हाताशी. १८६७-६८ ची अबिसिनियाची (म्हणजे आजच्या इथिओपियाची) मोहीम घ्या. सेनापती नेपियर मुंबई फौजेचा सरसेनापती, सैन्य मुंबईहून गलबतांनी गेलं, बरोबर हत्तीसुद्धा! आणि त्या हिंदी शिपायांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीतून. लढाई लंडनची, खर्चाचा वाटा मात्र आपल्या रयतेच्या माथी. एवढी स्वस्तातली ताकद दुसऱ्या कुठल्याही युरोपीय सत्तेकडे नव्हती.