गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमुळे दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये सारखा व्हायरस येतो. कोणता अँटीव्हायरस घ्यावा?

तुमचं झेरॉक्स, प्रिंटिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. पेनड्राइव्ह लावला की त्यातल्या फोल्डरांचे शॉर्टकट होतात आणि गिऱ्हाईक तुमच्यावर डाफरतं. दोनदा विंडोज मारून (म्हणजे नव्याने टाकून) झाली तरी फरक नाही. आता पैसे घालून अँटीव्हायरस घ्यावा का, असं विचारताय. मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आहे आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं तुमच्यासारखीच झेरॉक्सवाली, डीटीपीवाली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक करा: कोणाचाही पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका. त्यातले फोल्डर गेलेले नसतात, व्हायरसने ते फक्त लपवलेले असतात. विंडोजमध्ये फाइलला 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारता येतात. दोन्ही मारले की 'हिडन आयटम्स'ला टिक केली तरी फाइल दिसत नाही. 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही टिक काढावी लागते, तेव्हा सगळे फोल्डर फिकट रंगात जागच्या जागी दिसतात. फोल्डर लपवून त्यांच्याच नावाचे आणि पिवळ्या फोल्डरचंच चित्र असलेले शॉर्टकट व्हायरस तिथे ठेवून देतो. दुसऱ्या एका प्रकारात पूर्ण पेनड्राइव्हचा माल बिननावाच्या फोल्डरमध्ये जातो आणि बाहेर 'रिमूव्हेबल डिस्क' नावाचा एकच शॉर्टकट उरतो.

असा एक शॉर्टकट डबल क्लिक न करता राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये बघा. 'टार्गेट'च्या चौकटीत साध्या शॉर्टकटला नुसता फोल्डरचा पत्ता असतो. इथे मात्र लांबलचक ओळ दिसेल. सुरुवातीला सीएमडी डॉट ईएक्सई (विंडोजचा हुकूम चालवणारा प्रोग्रॅम), मग कुठलीतरी अगम्य नावाची डॉट व्हीबीएस फाइल (विंडोजमध्ये चालणारी छोटी स्क्रिप्ट) चालू करण्याचा हुकूम आणि शेवटी खरा फोल्डर उघडण्याचा हुकूम. ही शेवटची पायरी फार हुशारीची आहे. गिऱ्हाईक 'लग्नपत्रिका'वर डबल क्लिक करतं, फोल्डर उघडतो, पत्रिका दिसते, प्रिंट निघते. कोणालाच काही जाणवत नाही आणि मधल्या मध्ये ती व्हीबीएस फाइल तुमच्या मशीनमध्ये चालू झालेली असते. पुढे लावलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हचं ती हेच करते.

व्हायरसचं सगळं गणित या डबल क्लिकमध्ये आहे. डिस्कवर नुसती पडलेली फाइल काही करत नाही, तिला कोणीतरी चालवावं लागतं. व्हायरस लिहिणाऱ्याची निम्मी अक्कल तुमच्याकडून ती कशी चालवून घ्यायची यातच खर्च होते. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' हा व्हायरस लिहिला, तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसायचा. फ्लॉपी आत विसरून कोणी मशीन चालू केलं की तो आधी चालायचा. (त्यात त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातले होते. आजचे लोक इतके भाबडे राहिलेले नाहीत.) मे २००० मध्ये ईमेलमधून जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू'ची जोडलेली फाइल प्रेमपत्र वाटावी अशी होती. नावाच्या शेवटी डॉट टीएक्सटी दिसायचं, म्हणजे साधा मजकूर. खरं शेपूट त्याच्याही पुढे होतं, डॉट व्हीबीएस, आणि विंडोज ते दाखवतच नव्हतं.

आजही नव्या विंडोजमध्ये हे शेपूट लपलेलंच असतं. मायक्रोसॉफ्टने इतक्या वर्षांत ही एक टिक का बदलली नाही, हे मला न सुटलेलं कोडं आहे. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आजच चालू करा. मग पीडीएफचं चित्र लावून आलेली डॉट ईएक्सई फाइल नावावरूनच पकडता येते.

पूर्वी पेनड्राइव्हला क्लिकचीही गरज नव्हती. विंडोज एक्सपीवर पेनड्राइव्ह लावला की ऑटोरन आपणहून फाइल चालवायचं. मायक्रोसॉफ्टने विंडोज सेव्हनपासून ते बंद केलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी-व्हिस्टालाही अपडेट देऊन बंद केलं. वाट अडली तशी मंडळी शॉर्टकटकडे वळली.

आता साफसफाई, आणि इथे क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण पहिल्यांदा पेनड्राइव्ह साफ करतात आणि ती फाइल मशीनमध्ये चालूच असल्यामुळे मिनिटभरात शॉर्टकट परत हजर. आधी सगळे पेनड्राइव्ह काढा. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई (व्हीबीएस फाइली चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) दिसलं तर 'एंड टास्क' करा. 'स्टार्टअप'मध्ये अनोळखी नाव असेल तर ते डिसेबल करा. मग 'विंडोज सिक्युरिटी'त जाऊन 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' लावा (डिफेंडर म्हणजे विंडोजमध्येच असलेला अँटीव्हायरस). यात मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण उठायच्या आधीच तपासणी होते, म्हणून लपलेला व्हायरसही हाती लागतो. साधारण पंधरा मिनिटं लागतात, तेवढा वेळ गिऱ्हाइकांना थोपवा. नंतर पेनड्राइव्ह लावून स्कॅन करा, शॉर्टकट डिलीट करा आणि कमांड प्रॉम्प्टमधल्या अ‍ॅट्रिब कमांडने फोल्डरांवरचे शिक्के पुसा. ड्राइव्हचं अक्षर नीट बघून द्या. चुकून सी ड्राइव्हवर ती चालवली तर विंडोजच्या स्वतःच्या लपवलेल्या फाइलींचेही शिक्के जातील.

विंडोज मारूनही व्हायरस परत का येतो? विंडोज मारताना सी ड्राइव्ह पुसतात, डी तसाच ठेवतात. दुकानात ड्रॉवरमध्ये स्वतःचे चार पेनड्राइव्ह पडलेले असतात, त्यांना कोणी विचारत नाही. आणि विंडोज मारणाऱ्याने फुकटात अ‍ॅक्टिव्हेशन करून देताना डिफेंडर बंद करून ठेवलेला असतो. तो चालू आहे का, ते आधी बघा. क्रॅक, म्हणजे पैसे न देता वापरायला फोडलेल्या, सॉफ्टवेअरबरोबर 'इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद ठेवा' अशी सूचना येते, ती लोक अगदी इमानदारीने पाळतात. चोर 'कडी काढून ठेवा' असं लिहून पाठवतो आणि आपण कडी काढून त्याची वाट बघत बसतो, असा हा प्रकार आहे.

या क्रॅकवरूनच सांगतो. माझ्या ओळखीच्या एका प्रेसवाल्याकडे ऐन लग्नसराईत कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या फाइलींना अनोळखी शेपूट लागलं. एकही उघडेना आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी. चिठ्ठीत मागणी ९८० डॉलरची, ७२ तासांत संपर्क केला तर निम्म्यात. हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. आपल्याकडे छोट्या दुकानदारांना छळणाऱ्यांपैकी 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' या नावाचं घराणं मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटरमधूनच येतं. फाइलींना कुलूप लागल्यावर अँटीव्हायरस व्हायरस काढतो, कुलूप काढत नाही. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये काही सुरक्षा कंपन्यांसोबत 'नो मोअर रॅन्सम' ही साइट सुरू केली. तिथे काही जातींच्या किल्ल्या फुकट मिळतात, म्हणून कुलूप लागलेल्या फाइली लगेच पुसू नका. पण किल्ली मिळेलच असं नाही. त्या प्रेसवाल्याला मिळाली नाही.

म्हणून अँटीव्हायरससाठी काढून ठेवलेल्या पैशात थोडी भर घालून बाहेरची हार्ड डिस्क घ्या, असं मी सांगेन. रोज संध्याकाळी कामाच्या फाइली कॉपी करा आणि डिस्क काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. ती काढणं विसरू नका, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतं.

मग अँटीव्हायरस? विंडोज १० किंवा ११ अस्सल आणि अपडेट होणारी असेल तर आतला डिफेंडर तुम्हाला पुरे. पैसे देऊन घ्यायचाच असेल तर पुण्याच्या क्विक हीलपासून बऱ्याच कंपन्यांचे आहेत, कुठलाही नावाजलेला घ्या, पण एकच. दोन टाकले तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन हँग होतं. अँटीव्हायरस ओळखीच्या व्हायरसच्या खुणा जुळवून बघतो आणि फाइल संशयास्पद वागली तर अडवतो. काल रात्री लिहिलेला व्हायरस दोन्हीतून निसटू शकतो. तसंच ब्राउझरमध्ये सायरन वाजवत 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं आलं तर ती नुसती वेबसाइट असते. ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा. तो नंबर लावू नका.

कोणी क्लिक न करताही शिरणारेही असतात, नाही असं नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटला शॉर्टकटवर क्लिकही लागत नव्हतं. फोल्डर उघडून विंडोजने त्याचं चित्र दाखवलं की पुरे. ते इराणच्या अणुप्रकल्पात बिघाड करायला बनवलेलं होतं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे रॅन्समवेअर नेटवर्कमधून एका मशीनमधून दुसऱ्यात आपणहून घुसलं. ते ज्या भोकातून शिरलं त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याने तेच भोक वापरलं आणि त्या तडाख्यात न्हावाशेवा बंदरातलं एक कंटेनर टर्मिनलही ठप्प झालं. तेव्हा 'अपडेटमुळे मशीन स्लो होतं' म्हणून अपडेट बंद करून देणारा मेकॅनिक तुमच्याकडे येत असेल, तर मेकॅनिक बदला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे नवीन मशीन घेताना ध्यानात ठेवा.

तुमच्या दुकानासाठी मला सगळ्यात जास्त पटणारा उपाय वेगळाच आहे. एखादा जुना, अडगळीत पडलेला पीसी असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. फुकट आहे. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह फक्त त्याच मशीनला लावायचा. विंडोजसाठी लिहिलेले शॉर्टकट, व्हीबीएस, ईएक्सई तिथे आपोआप चालत नाहीत, नुसत्या फाइली म्हणून पडून राहतात, आणि लपवलेले फोल्डर तिथे सरळ उघडे दिसतात. हवी ती पीडीएफ किंवा फोटो तिथूनच प्रिंटरला द्या. काउंटरवरच्या मुलाला शिकायला एक दिवस पुरतो.

ते जमणार नसेल तर विंडोजवर काउंटरसाठी 'स्टँडर्ड' खातं वेगळं करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा, आणि डॉट व्हीबीएस व डॉट जेएस फाइली नोटपॅडमध्ये उघडतील असं सेटिंग करा. याने सगळे प्रकार थांबत नाहीत, पण बरेच थांबतात. ज्या मशीनला लोकांचे पेनड्राइव्ह लागतात त्यावर स्वतःचं नेटबँकिंग करू नका आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह करू नका. अलीकडचे बरेच व्हायरस शॉर्टकट वगैरे करून स्वतःचा डंका पिटत नाहीत. ते गुपचूप सेव्ह केलेले पासवर्ड उचलतात आणि निघून जातात.

लोक आता व्हॉट्सअ‍ॅपवरही फाइली पाठवतात. त्यात 'ई-चलान' किंवा 'लग्नपत्रिका' नावाची डॉट एपीके फाइल आली तर ती फोनमध्ये उघडू नका. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी उचलतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम मध्येच अडण्याची शक्यता जास्त.

राहता राहिलं ते श्रीलिपी (मराठी टायपिंगचं) आणि पेजमेकर (पानं लावायचं) या जुन्या सॉफ्टवेअरसाठी जपून ठेवलेलं विंडोज सेव्हनचं मशीन, जे तुमच्याकडेही असेल असं मी धरून चालतो. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला. मोडीत काढायची गरज नाही, पण त्याची नेटची वायर काढा, वाय-फाय बंद करा, आणि त्याच्यासाठी एकच पेनड्राइव्ह नाव लिहून वेगळा ठेवा.